बुद्धाचा धडा

काल आमच्या शाळेत एका आईनं प्रवेश अर्जावर अंगठा उमटवला आणि शाईच्या वासासरशी मला वडनेरचं आमचं अंगण दिसलं.

मी अकरावीत जाणार होते. प्राचीन किंवा आधुनिक, यातला एक इतिहास निवडायचा होता. मैत्रिणींनी आधुनिक घेतला, म्हणून मीही अर्जात तोच लिहिला. बाबांना वाचता येत नव्हतं. शेतातून येऊन, हात धुऊन ते अर्जासमोर बसले.

"याच्यात बुद्धाचा धडा हाये ना?"

तो प्राचीन इतिहासात होता. पण अर्ज पुन्हा लिहायचा मला कंटाळा आला. मी "हो" म्हटलं.

"मंग मले वाचून दाखवजो."

कामानं झिजलेला त्यांचा अंगठा आधी उमटलाच नाही. त्यांनी तो पुन्हा जोर देऊन दाबला.

पुढं ते अधूनमधून विचारायचे, "आला का वं तो धडा?" मी म्हणायचे, "अजून नाई." त्याच हिवाळ्यात ते तापानं गेले.

तेव्हा ते खोटं मला फार लहान वाटलं होतं. नंतर मी प्राचीन इतिहासच शिकले, आता तोच शिकवते. दरवर्षी तो धडा मी वर्गात गरजेपेक्षा मोठ्यानं वाचते, आणि दरवर्षी पुढच्या बाकावरचं कुणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, आमाले ऐकू येते."