मोराच्या डोळ्यातला खिळा

आमच्या गावच्या बाजारपेठेत जुन्या लाकडी सज्ज्यांची काही घरं अजून उभी आहेत. दर रविवारी आम्ही शेजारपाजारचे लोक जमून त्यांच्या नक्षीवर वर्षानुवर्षं चढलेला ऑइलपेंट खरवडून काढतो. निवृत्त शिक्षिका शोभाताई तर टूथब्रश घेऊन एका सज्ज्यावरच्या मोराच्या पिसाऱ्यात महिनाभर गुंतल्या होत्या.

आज येऊन पाहतो तर त्याच मोरावर फ्लेक्स! हात जोडलेले पुढारी आणि खाली भली मोठी अक्षरं, ‘चला, वारसा जपू या’. वरचा एक खिळा थेट मोराच्या डोळ्यात.

“अहो, दोरीनं बांधता आला नसता का?” शोभाताईंनी शिडीवरच्या कार्यकर्त्याला विचारलं.

“दोरीनं साहेबांच्या चेहऱ्याला सुरकुत्या पडतात, ताई. तुमच्याच कामाची जाहिरात केलीय, आभार माना.”

आभार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या सुतारांनी हा सज्जा उभा केला, त्यांनी लाकडात लाकूड असं बसवलं की लोखंड लागलंच नाही. ऊन, पाऊस, वाळवी, आमचा तो बेअक्कल ऑइलपेंट, सगळं सोसून तो टिकला. आणि त्याच्या अंगात पहिला खिळा घुसला, तो वारसा जपायचा म्हणून.