कुलूपबंद घरातल्या पिसवा

मी लिंगायत माणूस. आमच्यात माणूस गेला म्हणजे लिंगैक्य झाला, संपलं. भटकणारा आत्मा, भूतखेत... असलं मी पंचाहत्तर वर्षांत कधी मानलं न्हाई. कुणी सांगायला आला तर तोंडावर म्हणायचो, जरा कमी पीत जा. शाळा चौथीपर्यंत, तीपण निम्मी कानडीत. चुका असतील त्या तुम्हीच सुधारून घ्या.

माझी मुलगी महानंदा येत्या रविवारी मला कलबुर्गीला न्यायला यायलीय. कायमचं. जावं का राहावं हे ठरवायचंय, आणि जे झालं ते तिला सांगता येत न्हाई. म्हणून इथं लिहायलोय.

जनवाड्याच्या पुढं रस्त्याला लागून आमचं घर. पुढची खोली आणि स्वयंपाकाची खोली, खाली शहाबादी फरशी. दार एकच. बायको शरणम्मा दिवाळीनंतर गेली. आमच्याच शेतात तिला बसवून माती दिली. मागं राहिलो मी आणि तिच्या तीन मांजरी. मला मांजर आवडत न्हाई, खोटं कामून बोलू? पण जायच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात धरला होता.

"ओ, मांजरींना हाकलू नका. बाहेर जगायच्या न्हाईत त्या."

मी व्हय म्हणलो.

पंधरा दिवसांत घरात पिसवा झाल्या. फरशीच्या फटीत मीठ भरलं, लिंबाच्या पाल्याचा धूर केला, गोधड्या उकळून उन्हात टाकल्या. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी परत तेच. शेवटी डोकं फिरलं. तिन्ही मांजरी पोत्यात घातल्या, तोंड बांधलं आणि ऑटोनं इथल्याच कोळार गावाला नेऊन एका गोडाऊनच्या मागं सोडून आलो. धान्याचं गोडाऊन आहे, उंदीर असतील, जगतील... अशी मनाची समजूत घातली. मागं वळून बघितलं न्हाई.

दुसऱ्या दिवसापासून पिसवा मला खायला लागल्या. गुडघ्याखाली लालभडक. शेजारचे मकबूलभाई पाय बघून हसले. "बिल्लियां तो गए अण्णा, अब पिसवां कू तुमीच रह गए."

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई हुमनाबादकडच्या, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलतात. मांजरी सोडल्याचं सांगितलं तर चिडल्या. मानेवर थेंबभर औषध लावायचं होतं, तेवढ्यानं भागलं असतं म्हणाल्या. मी म्हणलो, आता मुलीकडं जायलोय, घर बंद राहील, मरतील आपोआप. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

"बंद घरात पिसवा मरत न्हाईत अज्जा. कोषात झोपून राहतात, महिनोन् महिने. माणूस आत आला, फरशी पायानं हादरली, की उठतात. परत याल तेव्हा सांभाळून."

संक्रांतीला महानंदा मला घेऊन गेली. कुलूप मी माझ्या हातानं लावलं. किल्ली एकच, ती माझ्या बंडीच्या खिशात. खिडकी आतून बंद.

शिवरात्र झाल्यावर एकटाच परत आलो. भर दुपार होती. डॉक्टरीणबाईंचं ध्यानात होतं, म्हणून दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत खताच्या पिशव्या बांधल्या. मकबूलभाई विचारायले, नाचायला निघालात का. कुलूप जसंच्या तसं होतं, तेपण त्यांनी बघितलं. दार ढकललं आणि आत पाय आपटत उभा राहिलो.

एक पिसू उडाली न्हाई.

मग डोळे अंधाराला सरावले आणि फरशी दिसली. काळे तीळ सांडल्यावानी मेलेल्या पिसवा. सगळीकडं न्हाई — एका ओळीत. शरणम्माच्या खाटेपासून भिंतीच्या कडंनं स्वयंपाकाच्या खोलीत, चुलीपर्यंत, आणि तशीच ओळ दारापर्यंत. खोलीचा मधला भाग कोरा. शरणम्माचं कंबरेचं हाड मोडलं होतं. शेवटची दोन वर्षं ती भिंतीला हात लावूनच चालायची. मधून कधीच न्हाई.

सगळ्यात जास्त दाराच्या मागं होत्या. मूठभर. मी दार ढकललं तेव्हा दारासोबत आत सरकल्या होत्या, त्याची अर्धी गोल रेघ फरशीवर उमटली होती.

काडेपेटीत थोड्या भरून दवाखान्यात नेल्या, ओळ कशी होती तेपण सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काचेखाली बघितल्या. म्हणाल्या, कोषातून निघाल्या पण एकदापण रक्त प्यालेल्या न्हाईत, उपाशी मेल्या. मी विचारलं, उंदीर फिरला असंल? तर म्हणाल्या, उंदीर असता तर त्याचं रक्त प्याल्या असत्या. थोड्या आपोआप निघतात, पण अशा एका ओळीत न्हाई. मी विचारलं, मग दारापाशी एवढ्या कामून? त्या म्हणाल्या, जिथं पायांची हालचाल जास्त वेळ होते, तिथं जास्त उठतात.

म्हणजे दारापाशी कुणीतरी लई वेळ पाय हलवत उभं होतं. आतून. आणि कुलूप मी लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोळारला गेलो, त्या गोडाऊनच्या मागं. मांजरींना हाका मारल्या, शरणम्मा मारायची तशा. वॉचमन म्हणाला, तीन मांजरी दोन दिवस शटरसमोर ओरडत बसल्या होत्या, मग दिसल्या न्हाईत. मी तिथंच दगडावर बसलो. रडलो. आता लपवून काय करू.

तेव्हापासून मी घरातच आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मधल्या भागात उरलेल्या असतील, रोज अनवाणी चालत जा, उठतील, मग झाडून काढा. पिशव्या सोडल्या आणि चालायला लागलो. उठल्या. पिंडरीवर चढलेल्या कळायच्या, बारीक कण उडाल्यासारखं. चढायच्या... आणि उतरून जायच्या. चावायच्या न्हाईत. आठ दिवसांनी बघतो तर माझ्या खाटेखाली तसेच काळे तीळ.

मला वाटलं, कातडीच मेली असंल म्हाताऱ्याची. मग मकबूलभाई चहाला आले, खाटेवर बसले. चहा संपायच्या आत त्यांच्या पायावर चार लाल गाठी. माझा पाय त्यांच्या पायाला लागून होता. त्यांनी आधी स्वतःचा पाय बघितला, मग माझा. उरलेला चहा तसाच ठेवून बाहेर पडले. आता ते रस्त्यावर उभे राहूनच बोलतात.

माणसांच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. साखर ठीक, छाती ठीक, टाचणी टोचली तर कळते. डॉक्टरीणबाईंना पाय दाखवले. त्यांनी उजेडात धरून दोन्हीकडून बघितले.

"पिसू जित्या माणसाला सोडत नसते अज्जा," एवढं म्हणाल्या, आणि पुढच्या म्हशीला आत घ्यायला सांगितलं.

तुमच्यात शिकलेली माणसं असतील. कुणाला यातलं काही उलगडलं तर सांगा, मला उलगडलं न्हाई. कुलूप आता लावत न्हाई, दार सताड उघडं असतं. मांजरींसाठी म्हणा, कशासाठी म्हणा.

रविवारी महानंदा आली की तिला आधी खाटेवर बसवणार. चहा करायच्या निमित्तानं थोडा वेळ तशीच बसू देणार. बाप म्हणून लिहायला बरं वाटत न्हाई, पण तिला पिसवा चावाव्यात. कडकडून चावाव्यात. ती तरी जिती आहे एवढं डोळ्यांनी बघितलं की मग जायचं का राहायचं ते बोलू.