टीव्ही सांगणारी

माझ्या सासूबाईंचं नाव बायडाबाई. निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळून त्यांनी एकुलत्या एका मुलाला इंजिनिअर केलं, असं कुणी कौतुकानं म्हणालं की त्या लगेच म्हणतात, "म्या विड्या वळल्या. इंजिनेर त्यो आपला आपुन झाला." कौतुक अंगाला लावून घ्यायची त्यांना सवय नाही. मी त्यांना आत्या म्हणते.

मी नीलम. माहेर बेळगावचं, हायस्कुलात गणित शिकवते. मोजमाप केल्याशिवाय मला काही सुचत नाही, आणि माझं मोजमाप चुकलं असं कुणी म्हटलेलं खपत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यामुळंच झाला.

गेल्या वर्षी आमचं घर बांधून झालं. हॉलच्या मोठ्या भिंतीवर टीव्हीचं युनिट करायचं, हे मी पायाभरणीच्या दिवशीच ठरवलं होतं. पंचावन्न इंची टीव्ही, खाली ड्रॉवरचा लांब कप्पा, दोन्ही बाजूंना काचेची शोकेस, पाच स्पीकर आणि समोर सोफा. मधोमध, अगदी टीव्हीच्या समोर, आत्यांची जागा. माझा नवरा दीपंकर म्हणाला, "आईला एवढं काय करायचंय?" मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. त्यांनीच सांगितलेली गोष्ट ते विसरले असतील, मी विसरले नव्हते.

गोष्ट अशी. दीपंकर लहान असताना तंबाखूच्या वखारवाल्या मालकाच्या घरी त्या भागातला पहिला टीव्ही आला. आमच्या गल्लीतल्या बायकांना तिथं आत बोलवायची पद्धत नव्हती, आणि आपण होऊन जायची तर सोयच नव्हती. पण मागच्या बोळात एक खिडकी होती. खिडकीशी एकच बाई उभी राहील एवढी जागा. तिथं आत्या उभ्या राहायच्या आणि बाकीच्या बायका खाली भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या. आत्या बघायच्या आणि सांगायच्या. आता राणी आली, आता ती रडतीया, आता त्या मेल्यानं दार लावून घेतलं. तेवढ्या वेळात आत्यांच्या विड्या राहायच्या, म्हणून उठताना प्रत्येक बाई आपल्या सुपातली एक मूठ विड्या आत्यांच्या सुपात टाकायची. त्याला त्या 'बघणारीची मूठ' म्हणायच्या.

पुढं आत्यांनी स्वतःचा जुना टीव्ही घेतला आणि पत्र्याच्या पेटीवर मांडला. गल्लीला दार उघडं असायचं. तरी रीत तीच राहिली, कारण विडी वळणाऱ्या बाईची नजर हातावर असते. मान वर केली की पान फाटतं. एकीनं बघायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हेच त्यांच्या कामाला बरं पडायचं. सहा वर्षांपूर्वी खोकल्यामुळं आत्यांच्या विड्या सुटल्या, पण सूप सुटलं नाही. आता त्यात शेंगा फोडतात, तांदूळ निवडतात. जुन्या मैत्रिणी मालुबाई आणि नागुबाई दुपारी आपापली सुपं घेऊन येतात.

माझ्या डोक्यात बसली होती ती खिडकी. ज्या बाईनं बोळात उभं राहून दुसऱ्याचा टीव्ही बघितला, तिनं आता स्वतःच्या घरात, मऊ सोफ्यावर, मधोमध बसून बघावा. एवढीच माझी हौस होती, आणि ती मला मनापासून होती.

कामाला गुंडू मिस्त्री आला. निपाणीत लाकूडकामात त्याचा हात धरणारा कुणी नाही, पण बोलायला महाकंजूस. त्यानं भिंत बघितली, ठोकून बघितली, मग विचारलं, "आक्का कुटं बसणार?"

"सोफ्यावर. आणि कुठं?"

त्यानं आत्यांकडं बघितलं. आत्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. एक पाय लांब, एक मुडपलेला, त्यावर सूप.

"टीव्हीचा मध्य जमिनीपासून बेचाळीस इंच," मी म्हणाले.

"लई वर हुतंय, बाई."

"मी सोफ्यावर बसून मोजलंय."

"तुमी मोजलंय म्हंजे बरोबरच आसणार," असं म्हणून त्यानं पेन्सिल कानावर ठेवली. तो होकार नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

काम मात्र देखणं झालं. सागवानी रंगाचं लॅमिनेट, आवाज न करता बंद होणारे ड्रॉवर, एकही वायर दिसायला नको ही माझी अट त्यानं तंतोतंत पाळली. ड्रॉवरचा कप्पा जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला टांगलेला. खालून झाडून घ्यायला बरं, तो म्हणाला. सगळ्यात वर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. शाळेतल्या बाया बघून गेल्या, दोघींनी मापं लिहून नेली. मी हवेत होते.

पहिल्या दिवशी आत्यांना नवं लुगडं नेसायला लावून सोफ्यावर मधोमध बसवलं. त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. सूप मांडीवर ठेवलं तर मऊ गादीत एका बाजूला कलंडायला लागलं, शेंगा घरंगळून सोफ्याच्या फटीत गेल्या. पाच स्पीकरमधून पाच बाजूंनी माणसं बोलायला लागली तशा त्या दचकून मागं बघायला लागल्या.

"कसं वाटतंय, आत्या?"

"बरं हाय की."

हे त्या तीनदा म्हणाल्या. आत्या एखादी गोष्ट तीनदा बरी म्हणाल्या की ती बरी नसते, हे मला बारा वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. पण तेव्हा मी रिमोटमध्ये गुंतले होते.

मालुबाई आणि नागुबाई आल्या, सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या, कपबशी सांभाळत चहा प्यायल्या आणि गेल्या. पुन्हा काही आल्या नाहीत. मी विचारलं तर आत्या म्हणायच्या, मालुबाईच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, नागुबाई लेकीकडं गेल्या. संध्याकाळी त्या एकट्याच सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या, त्यांची आवडती कन्नड मालिका बघायच्या आणि संपली की उठून स्वयंपाकघरात यायच्या. बोलणं कमी झालं होतं. मला आतून राग येत होता. एवढं सगळं त्यांच्यासाठी केलं आणि ह्यांच्या तोंडावर हसू म्हणून नाही. दीपंकरला मी म्हणालेसुद्धा, "तुमच्या आईला सुख टोचतंय." त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या घराण्यात न बोलणं पिढीजात आहे.

अडीच महिने असे गेले. मग एका शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटली आणि मी साडेदहालाच घरी आले. हॉलमध्ये पंखा चालू, टीव्ही बंद. परसातून आत्यांचा आवाज येत होता. मी स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि दाराआड थांबले.

परसात तिघी जमिनीवर बसल्या होत्या. तिघींच्या मांडीवर सुपं, तिघींच्या हातात शेंगा. नागुबाई लेकीकडं गेलेली नव्हती, आणि मालुबाईचा मोतीबिंदू तिच्या येण्याआड आला नव्हता.

"आन् मग थोरली सून कपाट उघडतीया," आत्या सांगत होत्या. "आत बघतीया तर सगळं मोकळं. तिच्या तोंडाकडं बघवंना, बाई."

"आन् नवरा काय करतोय?" नागुबाईनं विचारलं.

"नवरा काय करतोय. च्या पितोय."

तिघी हसल्या. आदल्या संध्याकाळी तो भाग मीही बघितला होता. त्यात नवरा चहा पीत नव्हता, तो म्हैसूरला गेला होता. पण आत्यांच्या सांगण्यात तो चहा पीत होता आणि तेच जास्त पटत होतं. कन्नडातली ती रडकी सून मराठीत आल्यावर चांगली खमकी झाली होती. गेल्या अडीच महिन्यांत मी आत्यांना एवढं बोलताना ऐकलंच नव्हतं.

गोष्ट संपली. मालुबाईनं चाचपून आपल्या सुपातले मूठभर दाणे उचलले आणि आत्यांच्या सुपात टाकले. मग नागुबाईनं टाकले.

"हितं बरं वाटतंय गं," मालुबाई म्हणाली. "आत ती माणसं लई वर बसल्यात. कचेरीत गेल्यागत हुतंय."

"हळू बोल," आत्या म्हणाल्या. "पोरीनं लई हौसनं केलंय. तिला कळाय नगं."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. खिडकीबाहेरच्या बाईला मी आत आणायला निघाले होते, आणि घरातून उठवून परसात बसवलं होतं. वर ती बाई माझंच मन जपत होती. मी तशीच पाय न वाजवता बाहेर गेले, फाटक जोरात आपटलं, मोठ्यानं खाकरले आणि पुन्हा आत आले. तोवर परसात आत्या एकट्याच होत्या.

सोमवारी गुंडू मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, सगळं फूटभर खाली घ्यायचंय, फोडाफोड किती होईल?

"कायसुदिक न्हाय," तो म्हणाला. त्यानं टीव्ही उतरवला, मागची फळी काढली. ती मी चिकटवलेली समजत होते, पण होती नुसत्या स्क्रूवर. फळीमागं भिंतीत फूटभर खाली चार भोकं तयार होती, वायरचा पाइपही तिथवर आणून ठेवलेला होता. टांगलेला कप्पा खाली आला तो बरोबर जमिनीवर टेकला.

"मामा, हे तुम्ही आधीच करून ठेवलंय?"

"माजी आई बी विड्या वळायची, बाई. सोफ्यावर सूप ऱ्हात न्हाय."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. तुमच्या हातात टेप हुती." मग स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "एक म्हयना लागंल वाटलं हुतं. तुमी अडीच लावलं."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं माप काढलं आणि मी गप्प बसले. सोफा मागच्या भिंतीला गेला, तिथं आता दीपंकर लोळतात आणि स्पीकरचा आवाज गुडघ्याला लागतोय अशी तक्रार करतात. समोर मी सतरंजी अंथरली. आत्यांनी बाहेरून आल्या आल्या बघितलं. टीव्हीकडं बघितलं, सतरंजीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. थोड्या वेळानं मालुबाईच्या घराकडं गेल्या, वहाणा घालायच्या विसरून.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मालिकेच्या वेळेला तिघी सतरंजीवर बसल्या. मालुबाई आणि नागुबाई टीव्हीकडं पाठ करून, दाराच्या उजेडाकडं तोंड करून. आत्या त्यांच्यासमोर, टीव्हीकडं तोंड करून.

"आवाज बारीक कर गं," आत्या मला म्हणाल्या.

मी पाचही स्पीकर बंद केले. पंचावन्न इंची टीव्ही मुक्यानं चालू झाला आणि आत्यांनी सांगायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातून मी दुसरं सूप आणलं, शेंगा घेतल्या आणि मालुबाईशेजारी टीव्हीकडं पाठ करून बसले. थोरल्या सुनेनं त्या दिवशी सासऱ्याला असं काही झापलं की नागुबाईच्या हातातली शेंग गळून पडली. खरोखर झापलं की नाही ते मी वळून बघितलं नाही.

भाग संपला. मालुबाईनं मूठ टाकली. नागुबाईनं टाकली. मग मी माझ्या सुपातले दाणे मुठीत घेतले आणि आत्यांच्या सुपात टाकले.

आत्यांनी त्या दाण्यांकडं जरा वेळ बघितलं. डोळे पदरानं पुसले. मग माझ्या मुठीतले दोन किडके दाणे निवडून परत माझ्या सुपात टाकले, आणि उद्या काय होणार ते सांगायला घेतलं.