दिव्याभोवतीचं कडं

आईचा तिसरा डोळा उघडला, तेव्हा पहिले दोन बिघडायला लागले होते. हे मी घरात घसा फोडून सांगत होते आणि आई ढिम्म ऐकत नव्हती.

चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी आज्ञाचक्राच्या ध्यानाचा वर्ग भरतो. भुवयांच्या मधोमध लक्ष न्यायचं, जोर लावायचा नाही, विचार आले तर येऊ द्यायचे. शिकवणाऱ्या बाई समंजस आहेत, चमत्काराच्या गोष्टी करत नाहीत. बाबा गेल्यापासून आई खिडकीतून हलत नव्हती, म्हणून तिला तिथे मीच पाठवलं. हौस माझी!

एकदा वर्ग सुटल्यावर तिने बायकांना सांगितलं, की भुवईपाशी ठणकतं आणि संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. झालं! आईचा तिसरा डोळा उघडला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आमची निम्मी बिल्डिंग मालवणकडची, त्यांना गाऱ्हाणं घालायला निमित्तच हवं असतं. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू नारळ घेऊन हजर. आईला पाटावर बसवून त्यांनी लेकीच्या रखडलेल्या लग्नाचं गाऱ्हाणं घातलं, आणि बाकीच्या मागून "व्हय म्हाराजा!" करत होत्या. मी आत भाकऱ्या भाजत होते. तवा उचलून बाहेर भिरकावावासा वाटला.

"आई, हे चक्रबिक्र नाही. डोळ्यांचं दुखणं आहे. डॉक्टरकडे चल."

"तुका काय कळता गो? तू बसतंस ध्यानाक?"

मी विनवलं, भांडले, अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. नारळ येत राहिले, आम्ही रोज सोलकढी पीत राहिलो. एका सकाळी तिने चहा कपाच्या बाजूला ओट्यावर ओतला आणि तिला ते कळलंही नाही. आई आंधळी होणार, आणि बायका तिला नारळ वाहणार!

मी तशीच ध्यान शिकवणाऱ्या बाईंना घरी घेऊन आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मावशी, कडं डोळे मिटल्यावर दिसतं की उघडे असताना?"

"उघडे असताना."

"मग ते ध्यानातलं नाही. आजच डोळे दाखवून या."

आणि माझी आई निमूट उठून रिक्षात बसली. मी इतके दिवस तोंडाला फेस येईस्तोवर दुसरं काय सांगत होते?

काचबिंदू निघाला. डोळ्यातला दाब फार वाढला होता. उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली ती गेलीच, उरलेली वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. लेझर झालं, थेंब सुरू झाले. काही दिवसांनी संध्याकाळी मी दिवा लावला, तर आई त्याच्याकडे टक लावून बसलेली.

"कडं गेलं ना? सुटलो एकदाचे," मी म्हणाले.

"गेला," ती म्हणाली. "तुझो बापूस गेल्यापासून माका कोणी काय्येक इचारूक नाय. त्या बायो येवन इचारीत. तू नुसता सांगतंस."

मला भयंकर राग आला. इतकी धावपळ करून वर हे ऐकायचं! पण थेंबांची वेळ झाली होती. मी बाटलीचं झाकण काढलं.

"मान वर कर," मी सांगितलं.