स्टँडवरचा धूर

सातवा महिना लागला तरी मी रोज कंधारहून मुखेडला शाळेत शिकवायला एसटीनं जात होते. स्टँडवर सावलीत एकच बाकडं होतं आणि सकाळी तिथं बिड्या ओढणाऱ्या म्हाताऱ्यांचा अड्डा असायचा. धुरानं मला मळमळायचं, म्हणून मी लांब उन्हात उभी राहायचे.

एक दिवस बाजाराला निघालेल्या एका मावशीनं विचारलं, "लेकरा, उन्हात का उभारलीस?" मी हळूच धुराचं सांगितलं. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि थेट बाकड्यासमोर गेली.

"दादा, ती दोन जिवाची बाई तुमच्या धुरापायी उन्हात उभी हाय. जरा तिकडं जाऊन वढा."

"आता मोकळ्या हवेत बी वढू नये का?" एक आजोबा कुरकुरले.

"हवा लई हाय, दादा. बाकडं एकच हाय."

सगळे हसले. आजोबाही हसले आणि बिडी घेऊन पार कुंपणापाशी गेले. बाकीचे त्यांच्या मागे. मी ऐसपैस बसले, तर मावशीनं पाटीतला एक पेरू माझ्या हातात ठेवला.

गाडी आली तशी झुंबड उडाली. मी सगळ्यांत शेवटी चढले, तर आजोबांनी खिडकीतून उपरणं टाकून माझ्यासाठी जागा धरलेली.

"बस माय," ते म्हणाले. "आधी म्हणली असतीस तर कवाच उठलो असतो की!"

मुखेड येईपर्यंत ते शेजारी उभेच होते, आणि बाळाचं नाव काय ठेवावं हे अख्खी गाडी मला सांगत होती.