वंदनेच्या पुस्तकाची अक्षरं

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंडरीच्या कापडबाजारात पडद्याचं कापड पाहत होते. कापड तिथंच टाकलं आणि ऑटोने भनपुरीला त्याच्या घरी गेले. रडले नाही. डोक्यात एवढंच आलं, आता पुस्तकाचं काय...

सुधाकर माझा धाकटा दीर, रेल्वेतून रिटायर झालेला. विहारातल्या म्हाताऱ्या बायांना वाचता येईल असं वंदनेचं पुस्तक तो संगणकावर स्वतः जुळवत होता. त्याची रीत वेगळी. तो संगणकाला नुसत्या आज्ञा लिहायचा, त्यांवरून पानं नंतर तयार व्हायची. सगळ्यात वरच्या ओळीत फॉन्टचं नाव बदललं, की साठच्या साठ पानं दुसऱ्याच वळणाची. हाच माणूस घरी जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नसे.

नवा फॉन्ट लावला की पान छापून माझ्याकडे. मी चौथी पास, बोट ठेवून वाचते.

"मलेच काहून तरास देऊन राहिला रे? तुही पोट्टी एमए आहे ना!"

"वहिनी, शिकलेला माणूस अंदाजानं वाचते. तुमी एकेक अक्षर पाहता."

"म्हणजे मी अडाणी."

"हव. म्हणूनच तुमची परीक्षा पक्की."

पालीतलं 'सम्बुद्धस्स' आलं की मी अडायचे. कुठं जोडाक्षर तुटलेलं, कुठं अक्षराच्या जागी नुसता चौकोन. तो चिडायचा नाही. पान परत न्यायचा, दुसरा फॉन्ट शोधायचा. असं दीड वर्ष चाललं...

त्याच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर त्याची मुलगी मनीषा संगणक घेऊन माझ्याजवळ बसली. तिला मराठी कळतं, पण इकडंच वाढलेली, बोलते हिंदी. "मोठीआई, ये देखो." फॉन्टांची नावं एकाखाली एक होती, प्रत्येकापुढे टक्क्याची खूण. त्या खुणेपुढचं छापलं जात नाही, ते लिहिणाऱ्यापुरतं असतं, असं तिनं सांगितलं. तिथं लिहिलं होतं : वहिनी बुद्धस्सवर अडल्या. वहिनी दोनदा अडल्या. वहिनींनी चष्मा पुसला, अक्षर बारीक. अशा चौदा ओळी. माझं अडणं हा माणूस टिपून ठेवत होता आणि मला पत्ता नव्हता.

शेवटच्या नावापुढे नुसती खूण, लिहिलेलं काही नव्हतं. त्या फॉन्टचं पान मला दाखवायचं राहून गेलं होतं.

मनीषानं तेच छापून दिलं. मी वाचायला लागले. पान संपलं, तरी कुठं थांबले नव्हते.

"क्या लिखूँ, मोठीआई?"

"लिही, वहिनी अडल्या नाही. आन् छापाले दे."