झिजलेली चकती

खोडदजवळच्या शाळेत मी नववीला बांधकाम शिकवतो. भिंत सरळ आहे का, हे ओळंब्याने पाहायचं. त्याची गोळ्याच्याच मापाची लाकडी चकती वर भिंतीला टेकवायची आणि दोरीला लोंबणारा पितळी गोळा खाली भिंतीला जेमतेम शिवला पाहिजे. त्या सोमवारी शाळेच्या ओळंब्याने बांधलेल्या बाकी सगळ्या गटांच्या भिंती पास झाल्या. एकटीनेच बांधणाऱ्या एका मुलीच्या भिंतीला मात्र गोळा दाबून बसत होता, म्हणजे भिंत खाली पुढे आलेली.

तिचे वडील गवंडी. रविवारी त्यांनीच येऊन घाईत भिंत उरकली असणार, हे मी तिथेच ठरवून टाकलं. असली लबाडी मला खपत नाही.

"वडिलांनी बांधली ना?"

"न्हाई सर, मीच बांधली. सरळ हाय."

"मग काय गोळा खोटं बोलतोय?"

"गोळा न्हाई. चकती."

तिने भिंतीच्या माथ्यावरून काठी पुढे काढली, दोऱ्याला दगड बांधून खाली सोडला आणि कंपासपेटीतल्या पट्टीने दोऱ्यापासून भिंतीचं अंतर वर-खाली मोजलं. सारखं भरलं. ती अशीच बघत बघत बांधत गेली होती. मला पट्टीचाही संशय आला, म्हणून दुसरी मागवली. तेच. मग चकती गोळ्याला लावून पाहिली. भिंतींना घासून घासून ती गोळ्यापेक्षा बारीक झाली होती. म्हणजे तिच्यावर पास होणारी प्रत्येक भिंत वरून पुढे झुकलेली.

आमच्या स्वयंपाकघराची भिंत मी याच ओळंब्याने बांधलीय. तिच्यावरचं कॅलेंडर खालून भिंतीपासून सुटलेलं असतं. इतकी वर्षं मी पंख्याला दोष देत आलो.

घरी गेल्या गेल्या मी पंखा बंद करून पाहिला. कॅलेंडर खालून सुटलेलंच राहिलं.